प्री-वेडिंगवाला मन्मथभाऊ

मन्मथभाऊला मी पूर्वी 'ते' म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा मोठा, नवऱ्याच्या ओळखीतला, आमच्याच समाजातला. म्हणून 'मन्मथभाऊ आले', 'मन्मथभाऊ गेले'. आता 'आला' आणि 'गेला' म्हणते. माणसाला दिलेला मान जिभेवरून कधी उतरतो ते आपल्यालाही कळत नाही, पण त्याच्या बाबतीत मला बरोबर माहीत आहे. ते पुढे सांगते.

केजला अंबाजोगाई रोडवरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर माझं पार्लर आणि खाली जिन्याला लागून त्याचा फोटो स्टुडिओ. मी पार्लर उघडलं तेव्हा त्याचं काम परीक्षेच्या फॉर्मला, जातीच्या दाखल्याला, बँकेच्या पासबुकाला लागणारे फोटो काढणं आणि कुणी वारलं की जुन्या ग्रुप फोटोतून तेवढं डोकं कापून मोठं करून देणं. हे दुसरं काम तो चांगलं करायचा. एकदा एका म्हाताऱ्याला त्याने टोपी बदलून, अंगात कोट चढवून दिला होता. घरच्यांनी हार घालताना विचारलं, "हे आमचेच अप्पा का?" तेव्हा तो म्हणाला, "वर गेल्यावर माणूस सुधारतो."

मग तो पुण्याला कुठल्याशा शिबिराला गेला आणि आला तो टोपी घालून. अंगात खूप खिशांचं अर्धं जाकीट, त्या खिशांत काहीच नसायचं. मानेवर केसांची बोटभर शेंडी. दुकानाची जुनी पाटी उतरली, नवी चढली आणि तिच्यावर नाव आलं 'मॅनी सर, क्रिएटिव्ह डायरेक्टर'. आमच्या समाजात एका संताच्या नावावरून घरटी एक मन्मथ असतो, त्यामुळे त्या नावाचं कुणाला काही वाटत नाही. पण मन्मथ म्हणजे मदन, प्रेमाचा देव. प्रेमाचे फोटो काढायचे ठरवल्यावर या माणसाला जन्मात पहिल्यांदा शोभणारं नाव होतं, आणि नेमकं तेच त्याने काढून टाकलं.

"वैनी, गिऱ्हाईकापुढं मला सर म्हणत जा," त्याने मला सांगितलं.

"बरं, मन्मथभाऊ," मी म्हटलं.

तेव्हा आमच्या भागात साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात मुलामुलीने जोडीने फोटो काढून घ्यायची टूम नुकतीच आली होती. आधी मोठ्या घरांनी केलं, मग सगळ्यांनी. मुलीची तयारी करायला बाई लागायची, म्हणून तो मला बरोबर न्यायचा. तयारी झाली की मला बसू द्यायचा नाही. चंदेरी रिफ्लेक्टर हातात देऊन उन्हात उभं करायचा. त्यामुळे मी त्याचं काम पुष्कळ जवळून पाहिलं आहे, आणि उजेडात.

त्याच्या जीपच्या मागे एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात एक गिटार, तिच्या निम्म्या तारा गेलेल्या. नवरदेवाला वाजवता येतं का, हे त्याने कधी विचारलं नाही. जिथे तार नाही तिथे बोट ठेवायला सांगे. एक पारदर्शक छत्री. कागदी फुलांचं एक चक्र. आणि इंग्रजीत 'लव्ह' लिहिलेली फळीची मोठी अक्षरं. त्यातलं शेवटचं 'ई' धारूरच्या घाटात जीपवरून उडालं, ते सापडलं नाही. दुसरं करून घ्यायचं सोडून त्या जागी तो नवरदेवालाच हात पसरून उभा करी. "नवरदेवच ई हाय," तो म्हणे, "ही आयडिया कुनाला सुचली न्हाई." कुणाला सुचणार होती?

त्याचे दोन शब्द ठरलेले. एक 'नॅचरल' आणि दुसरा 'फील'. "नॅचरल व्हा," म्हणायचा आणि जाऊन मुलीची हनुवटी हाताने वळवायचा, मुलाची कोपरं वाकवायचा, दोघांचे पाय बुटाच्या टोकाने सरकवायचा. दोघं बिचारी मांडव घालताना खांब रोवावेत तशी रोवलेली. मग लांब जाऊन डोळा लावायचा आणि म्हणायचा, "फील येईना." फील यावा म्हणून तो त्यांच्यावरच ओरडे. पुण्याची भाषा पहिली काही मिनिटं टिके; ऊन चढलं की, "अहो, लाजायलाव कावून? लगन तुमचंच हाय न्हवं?" जोडप्याला तो 'गाईज' म्हणायचा. "चला गाईज, इकडं बघा गाईज." एका मुलीबरोबर तिची आजी आली होती, ती उठून इकडेतिकडे बघायला लागली. "ह्या माळावर गाई कुटं आल्यात गं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "आजी, तुम्ही बसा."

पवनचक्क्यांच्या माळावरची गोष्ट सांगते. तहसील कचेरीतला एक कारकून होता, चांगला मुलगा, जरा अंगाने जड, आयुष्यात फायलीपेक्षा वजनदार काही उचललेलं नसावं. मन्मथभाऊचं म्हणणं, मागे पवनचक्की फिरतेय आणि पुढे नवरदेवाने नवरीला दोन्ही हातांवर उचलून गर्रकन फिरवलं पाहिजे. मुलगा म्हणाला, "सर, उभ्यानं काढा की." सर म्हणाले, "माळावर आलाव ते उभं ऱ्हायला?" मुलाने उचललं. पहिल्यांदा पवनचक्की थांबली होती. दुसऱ्यांदा मुलीची ओढणी तोंडावर आली. पुन्हा उचललं तेव्हा मुलाच्या कमरेत काहीतरी सटकलं. मुलगी खाली उतरली, मुलगा तसाच वाकून राहिला, डोळे मिटलेले, दात आवळलेले. मन्मथभाऊने तेवढ्यात फोटो काढून घेतला.

त्या मुलाने लग्नात शेरवानीच्या आत कमरेला पट्टा बांधला होता. आणि तो फोटो मन्मथभाऊच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकला, खाली लिहिलेलं, 'तिच्यासाठी कायपण'. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे. नंतर येणाऱ्या मुलांना तो फोटो दाखवून हा सांगायचा, "असं तोंड पाहिजे."

तोवर मला त्याचं हसू यायचं. राग पहिल्यांदा आला तो कडब्याच्या दिवशी.

रंगीत धुराच्या नळकांड्या त्याने नवीनच आणल्या होत्या. रस्त्याकडेच्या एका शेतात जोडप्याला उभं केलं, मुलाच्या हातात निळा धूर, मुलीच्या हातात गुलाबी. हातातलं नळकांडं गरम झालं तसं मुलाने ते फेकलं, आणि ते गेलं कडब्याच्या गंजीजवळच्या पाचोळ्यात. पेटलं. शेतातली म्हातारी गोणपाट घेऊन धावली. मी रिफ्लेक्टर टाकून माती लोटायला लागले. नवरी होती शेतकऱ्याचीच मुलगी. तिने तो पायघोळ गाऊन एका हाताने गुडघ्यापर्यंत उचलला, हौदावरची घागर भरली आणि पळत आली. गंजीची एक कड जळली, बाकी वाचली. म्हातारी धापा टाकत खाली बसली. तेव्हा मी वळून पाहिलं, तर मन्मथभाऊ एका गुडघ्यावर बसून कॅमेरा लावून म्हणत होता, "अजून एकदा पळा. घागर कमरेवर घ्या. लई नॅचरल यायलंय."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. "तुला माय हाय का रं?" एवढंच विचारलं. त्याने 'हाय' म्हणून सांगितलं, कारण त्याला प्रश्नच कळला नव्हता.

मग लोक त्याच्याकडे जात का होते, असं कुणीही विचारेल. त्याला एक गोष्ट पक्की कळत होती. जोडपं, त्यांच्याबरोबरची माणसं जीपमधून उतरली, की यात चालतं कुणाचं हे तो ओळखायचा. मुलीचा काका असेल, मुलाची आत्या असेल, कधी नुसताच खुर्ची टाकून बसलेला गावचा माणूस असेल. कॅमेरा जोडप्याकडे, पण सगळा दिवस याचं लक्ष त्या खुर्चीकडे. "आत्याबाई, पदर असा चालंल का? काका, जवळ घेऊ का अजून लांब?" त्या माणसाला खूश केलं की काम झालं. मुलगी उन्हात करपली तरी चालेल. मला वाटायचं, ही धंद्याची रीत आहे, सगळेच करतात. ती रीत नव्हती, तो त्याचा पिंड होता.

हे ज्या दिवशी दिसलं तो दिवस विद्याचा.

विद्या एका शिक्षकाची मुलगी. वडिलांना सगळं केज गुरुजी म्हणतं. अंबाजोगाईला औषधनिर्माणाचं शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तिचं लग्न जमलं तालुक्यातल्या एका बड्या बागायतदाराच्या मुलाशी, संग्रामशी. त्याचे वडील राजकारणातले, निवडणूक असो नसो, चौकात त्यांचा बॅनर असायचाच. गुरुजींना हे स्थळ झेपणारं नव्हतं, पण मागणी तिकडून आली होती आणि अशी मागणी आली की नाही म्हणायला कारण सापडत नाही. साखरपुडा झाला. बोटात अंगठी आली. मग फोटो.

धरणाच्या पाण्याच्या काठाला गेलो. विद्याबरोबर तिची मामी. संग्राम त्याच्या चार-पाच मित्रांना घेऊन आला, मोठमोठ्या गाड्या थेट पाण्यापर्यंत. मन्मथभाऊला खुर्ची शोधावी लागली नाही. संग्राम स्वतःच खुर्ची होता. "दादा, उजेड मस्त हाय. दादा, गॉगल राहू द्या, शोभतो." सकाळ बरी गेली. विद्या हसरी मुलगी, सांगितलं तसं करत होती. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, त्याने कमरेभोवती हात टाकला, कपाळाला ओठ लावले. सगळी करतात तेच. मामी लाजून पाण्याकडे बघत होती.

शेवटी मन्मथभाऊने आपला ठेवणीतला फोटो काढायचा ठरवला. नवरदेव एका गुडघ्यावर, हात वर, बोटांत अंगठी, नवरी उभी. हा त्याला पुण्यात शिकवला होता आणि याचा उल्लेख तो 'सिग्नेचर' म्हणून करायचा.

"गुडघ्यावर? मी?" संग्राम म्हणाला.

मित्र हसले. एक जण म्हणाला, "बस की बे. वैनीच्या आत्ताच पाया पडून घे, पुढं पडायचंच हाय."

संग्रामचा चेहरा बदलला. मी रिफ्लेक्टर धरून समोर होते, मला स्पष्ट दिसला. "आमच्यात बाईपुढं कोन बसत न्हाई," तो म्हणाला. "दुसरं काय तर काढा."

इथे मन्मथभाऊने त्याच्या स्वभावाविरुद्ध हट्ट धरला. त्याला संग्रामची जिरवायची होती असं मुळीच नाही. त्याच्या पानावर त्या फोटोची जागा मोकळी होती. "दादा, एक मिनिट फक्त. सगळ्या जगात करत्यात. ह्याच्याबिगर अल्बमला फील येत न्हाई."

विद्या हसून म्हणाली, "एका फोटोपुरतं बसा की. माझ्यापुढंच तर बसायचंय."

ती हे लाडाने म्हणाली होती. संग्राम तिच्याकडे वळला. "तुला इचारलं का मी?" आणि तिचं मनगट धरलं. "तूच बस." ती हसतच होती, तिला अजून गंमत वाटत होती. त्याने मनगट खाली दाबलं, दुसरा हात खांद्यावर टाकून जोर दिला, आणि ती त्या खडकाळ काठावर दोन्ही गुडघ्यांवर आदळली. "आता काढ फोटो," तो म्हणाला.

कॅमेऱ्याचा आवाज आला. मन्मथभाऊने फोटो काढला होता. एक नाही, लागोपाठ. "वा," तो म्हणाला, "चेहऱ्यावर आलं बघा काहीतरी."

विद्या उठली. घाईने नाही. लेहंग्यावरची माती झटकली, गुडघ्यापाशी कापड फाटलं होतं ते एकदा पाहिलं. बोटातली अंगठी काढायला थोडा वेळ लागला, कारण दाबलेलं मनगट दुखत होतं. ती तिने संग्रामच्या हातात दिली नाही, मन्मथभाऊच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवली आणि मामीला म्हणाली, "चल मामी."

"ताई, असं करू नगा, उजेड जाईल," मन्मथभाऊ म्हणाला.

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आम्ही तिघी चालत डांबरी रस्त्यापर्यंत आलो आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपने केजला. मामी सगळ्या वाटेने "अगं, काय केलंस गं" म्हणत रडत होती. विद्या रडली नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "ताई, हे काजळ पुसून देता का? डोळ्यात जायलंय." मी पुसून दिलं.

बैठका झाल्या. बड्या घरून माणसं आली, समजुतीची, मग दमाची. गुरुजींनी मुलीला सगळ्यांसमोर एकदाच विचारलं, "पक्कं?" ती म्हणाली, "पक्कं." मग ते म्हणाले, "मग माझंही पक्कं." एवढ्या लहान चणीच्या माणसात हे कुठे होतं कुणास ठाऊक. लग्न मोडलं.

इथपर्यंत ठीक होतं. मग काही दिवसांनी लोकांच्या मोबाईलवर फोटो यायला लागले. खांद्यावर डोकं ठेवलेली विद्या. कमरेला हात. कपाळाला ओठ. संग्रामचा चेहरा त्यात बहुतेक ठिकाणी कापलेला किंवा पाठमोरा, विद्या मात्र पूर्ण. खाली लिहिलेलं मी इथे लिहिणार नाही. माझ्या पार्लरमध्ये बसून बायका ते एकमेकींना दाखवायच्या, आणि मी आले की मोबाईल उलटा ठेवायच्या. अंबाजोगाईच्या कॉलेजात पोचले. तिच्या वसतिगृहात पोचले.

गुरुजी स्टुडिओत आले तेव्हा मी तिथेच होते, माझ्या सामानाची पेटी न्यायला खाली आले होते. ते खुर्चीवर बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मन्मथराव, तेवढे फोटो पुसून टाका. पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून."

"गुरुजी, मी त्याच दिवशी पुसलेत," मन्मथभाऊ म्हणाला. "शपथ घेतो कुनाची बी."

"मग गेले कुठून?"

"आजकाल काई सांगता येतंय का? हॅक करत्यात."

गुरुजींनी मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नव्हे. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलापुढे हलवत असतील तशी. आणि गेले.

मी विचारलं, "मन्मथभाऊ, खरं काय ते सांगा."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "संग्रामदादाची पोरं आलती, वैनी. कॅमेऱ्यातलं कार्ड मागितलं. मी काय न्हाई म्हनू? मला हितंच धंदा करायचाय."

"तिलाही हितंच राहायचंय."

"तिचं काय," तो म्हणाला, "तिचं लगन लागंल कुटं तरी. बाईमानसाचं लोक इसरत्यात."

मी पेटी उचलली, वर आले आणि त्या दिवसापासून त्याच्याबरोबर एकही काम केलं नाही. 'ते' गेलं आणि 'तो' आला तोही तेव्हाच.

त्याला माझ्या जाण्याचं काही वाटलं नाही. दुसरी मुलगी मिळाली. उलट त्याला सांगायला एक गोष्ट मिळाली. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पिताना तो सांगायचा, "मीच ओळखलं. म्हटलं, ह्या पोराच्या मनात काय हाय ते बाहेर काढतो. म्हनून तर गुडघ्यावर बस म्हटलं. कॅमेऱ्यापुढं मानूस लपत न्हाई. एका पोरीचं आयुष्य वाचलं." ऐकणारे माना डोलवायचे. आणि बागायतदाराच्या वाड्यावर गेला की तिथे दुसरी गोष्ट, "पोरगी लई शेफारलेली, दादा. मला पैल्या फोटोलाच दिसलं." दोन्ही गोष्टी तो मनापासून सांगायचा, हे विशेष. माणूस खोटं बोलताना जरा तरी अडखळतो. हा अडखळत नसे.

पुढच्याच लग्नसराईत संग्रामचं दुसरीकडे जमलं. फोटो कुणी काढले हे विचारायला नको. चौकात मोठा बॅनर लागला. तेच धरण, तेच पाणी. संग्राम उभा, गॉगल घालून, हात खिशात; आणि मुलगी खाली, दोन्ही गुडघ्यांवर, हातात गुलाब धरून त्याच्याकडे बघते आहे. लोकांना तो फोटो फार आवडला. तसाच फोटो हवा म्हणून पुढे पुष्कळांनी काढून घेतला. आमच्या भागात आता ती रीतच पडली आहे. नवीन जोडप्यांना ठाऊकही नाही की ती आली कुठून.

विद्याचं म्हणाल तर तिने शिक्षण पुरं केलं. काही महिने वसतिगृहातून फक्त वर्गात जायची आणि परत. मग लोकांना बोलायला दुसरं काही मिळालं. आता ती अंबाजोगाईला एका दवाखान्याच्या औषध विभागात काम करते. लग्नाचं विचारलं की घाई नाही म्हणते. केजला आली की भुवया करायला माझ्याकडे येते. एकदा तिने स्वतःहून विषय काढला. म्हणाली, "ताई, ते चारचौघात झालं ते बरं झालं. घरात झालं असतं तर कोनाला दिसलं असतं?" मी दोरा ओढत होते, हात थांबला. ती म्हणाली, "करा करा, थांबू नका, दुखतं मग."

मन्मथभाऊच्या मुलीचं, पूजाचं, लग्न ठरलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आत्ता गेल्या सराईत. मुलगा लातूरकडचा, किराण्याचं मोठं दुकान, शांत, दोघांचं एकमेकांशी चांगलं जमलेलं. पूजा लहानपणापासून माझ्या जिन्यात खेळलेली. एक दिवस ती पार्लरमध्ये येऊन बसली आणि काही न करून घेता बसूनच राहिली.

"काकू, तुमी बाबाला सांगाल का?" ती म्हणाली. "आमाला फोटो काढायचेत. त्यांचे मित्र सगळे इचारायलेत, सासऱ्याचाच स्टुडिओ हाय आन फोटो न्हाईत कावून."

"मग? बाबा काढत नाही?"

"न्हाई म्हनतेत. आपल्यात चालत न्हाई म्हनतेत."

मी इतकी वर्षं त्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. तिच्यासाठी गेले. टोपी राहिली नव्हती, केस विरळ झाले होते, शेंडी मात्र होती. भिंतीवर सगळीकडे जोडपी. उचललेली, वाकलेली, धावणारी, खाली बसलेली.

"पूजाचे फोटो का नाही काढत?" मी सरळ विचारलं.

"लगनाच्या आदी पोरीनं पोराला चिकटायचं, हे आपल्या घरात चालत न्हाई, वैनी."

मी भिंतीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"ती लोकांची लेकरं," तो म्हणाला.

"लोकांची म्हणजे?"

तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. पुसून झाली तरी पुसत राहिला. "उद्या काई झालं," तो म्हणाला, "लगन मोडलं, पोराचं डोकं फिरलं. ते फोटो कुटं जात्यात, कोन काय लिहितंय, मला ठाऊक हाय. तुमाला न्हाई कळायचं."

"मला कळतं," मी म्हटलं. "गुरुजींनाही कळतं."

त्यावर तो दुसरं काही म्हणाला असता तर मी कदाचित आणखी दोन मिनिटं उभी राहिले असते. तो म्हणाला, "तुमी जुनं काढत बसताव." मी निघून आले. पूजाला सांगितलं, तुझा बाप ऐकणार नाही. तिने मान डोलवली. तिला ते आधीच माहीत होतं. फक्त कुणीतरी एकदा विचारावं एवढंच तिला हवं होतं.

साखरपुड्याला मी गेले, पूजाची तयारी करायची होती. साधी हिरवी साडी, केसात गजरा, गोड दिसत होती. मंगल कार्यालय भरलेलं. फोटो काढायला बापच. दुसऱ्या कुणाला त्याने येऊच दिलं नव्हतं. जोडप्याच्या दोन खुर्च्या त्याने स्वतः लांब सरकवल्या आणि मधे फुलांची कुंडी ठेवली. एकदा मुलाने बोलता बोलता पूजाच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. मन्मथभाऊने कॅमेरा खाली केला, मंचावर गेला, जावयाचा हात उचलला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला. पूजा समोर बघत राहिली.

मग अंगठ्या घालायची वेळ आली. मुलाने पूजाचा हात हातात घेतला, आणि त्या क्षणी सगळ्या कार्यालयात मोबाईल वर झाले. लातूरची मंडळी, केजची मंडळी, दोन्हीकडची तरुण पोरं, बायका, म्हातारेसुद्धा. मुलाचे मित्र ओरडले, "अजून जवळ घे रे." मुलाने हसून तिला जवळ ओढलं, आणि ती कुंडी ओलांडून त्याच्या खांद्याशी आली. तीही हसत होती.

मन्मथभाऊ मंचावरून खाली उतरला. गळ्यात कॅमेरा लोंबतोय, दोन्ही हात जोडलेले, पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. "काढू नगा हो. इनंती हाय. मोबाईल ठेवा, काढू नगा." एकाने ठेवला तर त्याच्यामागचे दोन वर. तो तिकडे वळला की इकडचे. पाहुण्यांना वाटलं, सर गंमत करतायत. फोटोवाल्याला दुसऱ्यांचे फोटो खपत नसतात. पाहुणे हसले. त्याने एका पोराच्या मोबाईलवर हात धरला, पोराने तो डोक्यावर उंच नेला.

माझा मोबाईल पर्समध्येच होता. तो त्याच्यासाठी ठेवला नव्हता, पूजासाठी ठेवला होता.

तो रांगांच्या मधे घामाघूम उभा होता, हात अजून जोडलेले, कुणाकडे वळावं ते न कळून. मागच्या खुर्चीवर उभा राहिलेला लातूरचा कुणी पाहुणा, याला न ओळखणारा, मोबाईल धरून त्याला म्हणाला, "अवो मामा, जरा खाली बसा की. तुमी मधी यायलाव."

आणि मन्मथभाऊ खाली बसला.